गाडीच्या पोटाखालचा गंज

देवगडला आमचं घर खाडीला लागून आहे. गाडी जुनी घेतलेली. आधीच्या मालकाने खालून रबरी कोटिंग करून घेतलं होतं, त्यामुळे पोटाखालून ती काळी कुळकुळीत दिसायची. गणपतीनंतर पाऊस ओसरला तेव्हा गॅरेजात रॅम्पवर चढवली. मागच्या चाकाच्या वर कोटिंग फुगलं होतं. गॅरेजवाल्या काकांनी स्क्रूड्रायव्हर लावला, तर पापडासारखा पापुद्रा सुटून आला आणि मागोमाग गंजाचा भुगा. पत्र्याला भोक नव्हतं, तरी माझ्या पोटात गोळा आला.

"वरसून काळा फासलास तरी आतलो गंज थांबाचो नाय," काका म्हणाले. रबरी किंवा डांबरी कोटिंग नव्या, स्वच्छ पत्र्यावर चांगलं. पण खडी लागून त्याला चीर गेली की खारं पाणी आत शिरतं आणि वाळतच नाही.

शेजारी जळकं ऑइल मारा म्हणत होते. फुकटात होतं. पण ते सस्पेन्शनच्या रबरी बुशांना फुगवतं आणि जमिनीवर ठिबकत राहतं. गाडी उभी राहते तिथून आमची विहीर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे तो विषय संपला. उरलं मेण आणि लॅनोलिन. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून निघतं. दोन्ही मऊ राहतात, सांध्यांत झिरपतात. जुन्या गाडीसाठी मी लॅनोलिन घेतलं. त्याला वास येतो, धूळही चिकटते. दिसण्यासाठी घ्यायची ही वस्तू नव्हे.

हवा कोरडी व्हावी म्हणून दिवाळी जाऊ दिली. मग गोड्या पाण्याने खालून धुलाई. चाकावरचं प्लॅस्टिकचं अस्तर काढलं, तर मागे लाल माती आणि कुजलेला पाला, पाऊस जाऊन इतके दिवस झाले तरी ओला. गंजाचं मूळ तिथेच होतं. अस्तर काढल्याशिवाय नुसतं वरून फवारून देणाऱ्याकडे गाडी देऊ नका. सुटलेलं कोटिंग खरवडलं, तारेच्या ब्रशने घासलं, रस्ट कन्व्हर्टर लावून पूर्ण वाळू दिलं. ब्रेक डिस्क आणि सायलेन्सर प्लॅस्टिकने झाकूनच फवारणी केली. डिस्कवर तेलकट थर बसला तर ब्रेक लागत नाही. दारांखालच्या पट्टीत पाणी निघून जायला भोकं असतात. ती बुजली नाहीत ना, हे काकांनी शेवटी तार घालून पाहिलं.

अस्तर काळंभोर दिसावं अशी हौस मला होतीच. आधी चकचकीत, तेलकट सिलिकॉनचं ड्रेसिंग लावलं. जांभ्याची धूळ बसून संध्याकाळपर्यंत सगळं लाल. मग पाण्यात मिसळणारं घेतलं. स्पंजने पुसायचं, वाळलं की कापड फिरवायचं. चमक कमी, पण धूळ चिकटत नाही. मोठ्या पावसात तेही धुऊन जातं. शिवाय हे फक्त प्लॅस्टिक आणि रबरासाठी. पत्र्याचा गंज त्याने अडत नाही, डब्यावर कितीही छान चित्र असो.

पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा रॅम्पवर पाहिलं. सांधे आणि चेसिस छान राहिले होते, खूप हलकं वाटलं. चाक जिथे थेट खडी उडवतं, तिथलं लॅनोलिन मात्र निघून गेलं होतं. तेवढ्या भागाला ते आता दर मे महिन्यात, पत्रा कडकडीत वाळलेला असताना, मी घरीच ब्रशने लावतो.