मुरलेले आणि ताजे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चोरिसांच्या तांबड्या माळा उघड्यावर टांगलेल्या असतात. शहरातल्या दुकानात मात्र ताजे सॉसेज शीतपेटीत जपून ठेवतात. दोन्ही डुकराच्याच मांसाचे, मग वागणुकीत हा भेद का, याचे मला फार दिवस कुतूहल होते.

उत्तर मुरवण्यात आहे. चोरिसाचे मांस मीठ, मिरची, मसाला आणि माडीचे व्हिनेगर यांत मुरवून उन्हात किंवा धुरावर सुकवतात. मीठ मांसातील पाणी ओढून घेते. आंबटपणा जंतूंची वाढ रोखतो. ताज्या सॉसेजला असे कवच नसते. ते ४ अंश सेल्सियसच्या आत ठेवावे, लवकर वापरावे आणि आतपर्यंत ७१ अंश उष्णता पोहोचेल असे शिजवावे.

तरीही मुरवण्यावर आंधळा विश्वास नको. १८२० साली जर्मन वैद्य युस्टिनुस केर्नर यांनी धुरी दिलेल्या सॉसेजमुळे घडणाऱ्या प्राणघातक विषबाधांचे वर्णन केले. पुढे सॉसेजच्याच लॅटिन नावावरून त्या विकाराला ‘बोटुलिझम’ म्हणू लागले.

म्हणून गृहिणींनी आणि स्वयंपाकात हात घालणाऱ्या पुरुषांनीही एवढे ध्यानी धरावे: मुरलेले म्हणजे शिजलेले नव्हे. चोरिसही चुलीवर चांगले शिजल्यावरच पानात वाढावे.