भावविवशता, अंतर आणि एक अल्बम

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या एका विद्यार्थ्याने अंतर्गत मूल्यमापनासाठी जो निबंध लिहून दिला, त्याच्या शीर्षकात 'अमेरिकन फुटबॉल' असे शब्द होते. खेळाविषयी काही असावे, अशा समजुतीने मी तो वाचायला घेतला. निघाला तो त्या नावाच्या एका बँडच्या १९९९ सालच्या पहिल्या पूर्ण अल्बमविषयी. निबंधात पानोपानी 'मी' होता. वसतिगृहातील खोली होती, जागरणे होती, तुटलेली मैत्री होती. मी समासात शेरा लिहिला : 'भावविवश. समीक्षेला आवश्यक असे अंतर नाही.' गुण दिले वीसपैकी नऊ. निबंध परत घेताना त्याने एवढेच विचारले, "मॅडम, तुम्ही ऐकलाय का हा अल्बम?" मी नाही म्हटले. ज्या कलाकृतीविषयीचे लेखन मी तपासले, ती कलाकृतीच मला ठाऊक नव्हती. आणि यात काही वावगे आहे, असे त्या वेळी मला वाटले नाही.

अल्बम मी ऐकला तो पुढे, एका उन्हाळी सुटीत. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात अर्बाना आणि शँपेन अशी जोडशहरे आहेत. तेथील विद्यापीठाच्या परिसरात माइक किन्सेला, स्टीव्ह होम्स आणि स्टीव्ह लामोस या तिघांचा हा बँड उभा राहिला. दोन गिटारी, एक ड्रमवादक आणि त्याच ड्रमवादकाने मधूनमधून वाजवलेला ट्रम्पेट, एवढाच त्यांचा संसार. बास गिटार वाजवणारा स्वतंत्र वादकही नव्हता. ध्वनिमुद्रणात ते काम किन्सेलानेच केले. अल्बममध्ये नऊ रचना आहेत आणि त्यांतील दोन शब्दविरहित आहेत. पॉलिव्हिनिल या छोट्या संस्थेने तो प्रकाशित केला, तोवर शिक्षण संपत आले होते आणि बँडही जवळजवळ विसर्जित झाला होता. पुढे चौदा-पंधरा वर्षे हे संगीत कानोकानी पसरत राहिले. २०१४ साली अल्बम पुन्हा प्रकाशित झाला आणि तिघे पुन्हा एकत्र आले.

या संगीताला 'इमो' म्हणतात. 'इमोशनल' या शब्दाचे हे लघुरूप एका अर्थी समीक्षेतूनच जन्मलेले आहे. १९८०च्या दशकाच्या मध्यावर वॉशिंग्टन शहरातील हार्डकोर पंक संगीतात, 'राइट्स ऑफ स्प्रिंग'सारख्या बँडांमुळे, सामाजिक संतापाच्या जागी खाजगी दुःख येऊ लागले, तेव्हा हा शब्द निघाला. त्यात हिणवण्याचा सूर होता, आणि ज्यांना तो लावला गेला त्यांनीही तो नाकारला. हे वाचताना मला माझा शेरा आठवला. 'भावविवश', 'भाबडे', 'हळवे' या शब्दांनी आपणही वर्णन करीत नाही, निकाल देतो. आणि निकाल एकदा दिला की कलाकृतीकडे पुन्हा पाहण्याची जबाबदारी संपते.

माझ्या शेऱ्याला शास्त्राधार नव्हता असे मात्र नाही. रसाचे वा स्थायिभावाचे त्याच्याच नावाने कथन करणे, हा आपल्या काव्यशास्त्राने दोष मानला आहे. मम्मटाच्या दोषप्रकरणात तो नोंदलेला आहे. शोक शोकातून आलेल्या कृतीतून प्रतीत व्हावा, 'शोक' या शब्दातून नव्हे. या कसोटीवर प्रस्तुत अल्बमचे शब्द टिकत नाहीत. त्यांत पश्चात्ताप आहे तो पश्चात्तापाच्याच नावाने. प्रतिमा फारशा नाहीत. वाक्ये तोकडी, रोजनिशीतल्यासारखी, क्वचित बाळबोध आहेत. कवितासंग्रह म्हणून हे शब्द माझ्याकडे अभिप्रायासाठी आले असते, तर मी ते परतच केले असते.

परंतु त्याच अल्बममधील एका गीताच्या शीर्षकाचा आशय असा आहे की, आपण दोघेही इतके भावनावश नसू तेव्हा भेटू. भावविवशतेचा आरोप असलेल्या संगीताच्या ऐन मध्यावर ही भावना पुढे ढकलणारी ओळ आहे, आणि माझ्या मते साऱ्या अल्बमचा घाट तिच्यात दडलेला आहे. गिटारीच्या तारा येथे नेहमीच्या स्वरांत लावलेल्या नाहीत. दोन्ही गिटारी एकच धून वाजवीत नाहीत. एकीचे आवर्तन दुसरीच्या आवर्तनात गुंतत जाते. आपल्या तालाच्या भाषेत सांगायचे तर सम कोठे आहे, हे कानाला चटकन उमगत नाही, आणि उमगते तेव्हा ती निसटलेली असते. गाणारा आवाज कच्चा आहे, पण तो टाहो फोडीत नाही. तो दोन ओळी म्हणतो आणि थांबतो. गिटारी मात्र पुढे जात राहतात. 'स्टे होम' ही रचना आठ मिनिटांची आहे. तिच्यात शब्द येतात तेच मुळी बऱ्याच उशिरा, आणि येतात तेही मोजके.

साहित्याचे माध्यम शब्द नसून भावनात्मक अर्थ आहे, असे मर्ढेकरांनी मानले, आणि संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांनी त्या अर्थांची रचना होते असे सांगितले. हा विचार मी वर्षानुवर्षे शिकवीत आले आहे. येथे तो मला प्रथमच कानांनी कळला. शब्द भावनेचे नाव घेतात. स्वर ते नाव अधोरेखित करीत नाहीत. शब्द उतावीळ आहेत, स्वर संयमी. या दोहोंत जी विरोधलय निर्माण होते, तीच या कलाकृतीचे अंतर होय. मी ते अंतर लेखकाच्या भाषेत शोधीत होते. ते घाटात होते. शब्दांची गरिबी हा दोष उरतोच, पण तो विसाव्या वर्षाचा खरेपणाही आहे. ज्याच्याकडे अजून वाक्य नाही, त्याचे ते बोलणे आहे.

१९९९ साली मीही वीस वर्षांची होते. त्या वर्षी बी. ए.ची परीक्षा देऊन मी वसतिगृह सोडले. तीन वर्षे एका खोलीत राहिलेली मैत्रीण मला एस. टी. स्टँडवर पोहोचवायला आली होती. तिचे लग्न ठरले होते, आणि ते तिला नको होते, हे दोघींना ठाऊक होते. गाडी लागेपर्यंतचा अर्धा तास आम्ही खोलीतली बादली कोणी न्यायची, यावर बोललो. ती बादली माझ्याकडे पुढे बरीच वर्षे होती. त्या अर्ध्या तासाविषयी मी कधी काही लिहिले नाही. लिहिले असते, तर तेही तोकड्या वाक्यांत आणि भावनांची नावे घेऊनच उतरले असते. आणि मीच त्यावर शेरा मारला असता. 'अंतर' या शब्दामागे माझ्यापुरती वाङ्मयीन निष्ठा किती होती आणि भीती किती, हे आज मला नेमके सांगता येणार नाही.

त्या अल्बमच्या मुखपृष्ठावर अर्बानातील एका साध्या लाकडी घराचे छायाचित्र आहे. वेळ रात्रीची आहे आणि वरच्या मजल्यावरच्या खिडकीत उजेड आहे. माणूस एकही नाही. ख्रिस स्ट्राँग याने टिपलेले हे घर पाहायला दूरदूरचे श्रोते येऊ लागले, आणि ते पाडले जाऊ नये म्हणून २०२३ साली बँड, पॉलिव्हिनिल, स्वतः छायाचित्रकार व आणखी काहींनी मिळून ते विकत घेतले. भट्टनायकापासून आपण ज्याला साधारणीकरण म्हणत आलो, त्याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. मात्र येथे खाजगी तपशील पुसला गेल्यामुळे अनुभव सर्वांचा झाला, असे नाही. घराला पत्ता आहे, गीतांतला 'मी' शेवटपर्यंत 'मी'च आहे. खिडकीतला उजेड कोणाचा, हे सांगितलेले नाही, एवढेच.

त्या बँडमधील ड्रमवादक स्टीव्ह लामोस पुढे कोलोरॅडो विद्यापीठात लेखनाचा अध्यापक झाला. म्हणजे विद्यार्थ्यांचे निबंध तोही तपासत आला. त्याच्या समासात काय शेरे असतात, हे जाणून घ्यायला मला आवडेल.

माझा विद्यार्थी एम. ए. झाला, नोकरीला लागला. प्रशस्तिपत्रकासाठी तो एकदा भेटायला आला, तेव्हा मी अल्बम ऐकला असल्याचे त्याला सांगणार होते. प्रत्यक्षात आम्ही झेरॉक्सचे दुकान किती वाजता उघडते, यावर बोललो. "अजून लिहितोस का?" असे मी दारात विचारले. "नाही मॅडम," तो म्हणाला, आणि नमस्कार करून गेला.

त्याचा निबंध आज माझ्याजवळ नाही. तो चांगला होता, असेही मी म्हणणार नाही. त्यात पुनरुक्ती होती, काही विधाने निराधार होती. पण गिटारी एकमेकींना सोडून जातात आणि पुन्हा भेटतात, असे निरीक्षण त्याने नोंदवले होते, आणि ते अचूक होते. त्यावर मी खूणसुद्धा केली नव्हती. विद्यापीठाच्या नियमानुसार एकदा कळवलेले गुण बदलता येत नाहीत. शेरा मात्र मागे घेता येतो. तो मी येथे मागे घेत आहे.