संतोषच्या टेंपोबद्दल

पुणे
रविवार

चि. संतोष,


तू पाठवलेले जॉबकार्डांचे फोटो काल रात्री मोठे करकरून वाचले. फोनवर तू इतका चिडला होतास की नीट बोलणं झालंच नाही. शिवाय फोनवर सांगितलेलं चार दिवसांत विसरायला होतं, म्हणून सविस्तर लिहिते. पत्र टेंपोच्या फाइलीतच लावून ठेव.

तुझा राग मला पुरता कळतो. कर्ज काढून नवाकोरा टेंपो घ्यायचा आणि माल भरून चंदनापुरीच्या चढाला लागलं की त्याचा पिकअप मरायचा. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा, मागं गाड्यांची रांग, उन्हात तापणारे टोमॅटोचे कॅरेट. रखडत नारायणगाव गाठावं तर लिलाव उरकलेला. सर्व्हिस सेंटरवाले मात्र रिकामा टेंपो गेटाबाहेरच्या सपाट रस्त्यावर फिरवून आणतात, स्कॅनर लावतात, ‘एरर दाखवत नाही’ म्हणतात आणि किल्ली तुझ्या हातात देतात. हप्ता काही थांबत नाही. ‘आत्या, केसच ठोकतो’ असं तू म्हणालास. ठोकावी लागली तर ठोकू. मी ग्राहक चळवळीत इतकी वर्षं काढली ती अशाच वेळेसाठी. पण आधी ते फोटो पुन्हा एकदा माझ्याबरोबर वाच.

पहिल्या जॉबकार्डावर ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात काय आहे? ‘सर्व्हिस. जनरल चेकअप. पिकअप चेक करणे.’ चढाचं नाव नाही, मालाचं नाव नाही, दिव्याचा उल्लेख नाही. दुसऱ्यावर नुसतं ‘पिकअप लो’. खाली ‘एअर फिल्टर साफ केला, ट्रायल ओके’, आणि त्याच्या खाली ‘कामाबद्दल समाधानी’ या छापील ओळीवर तुझी सही. काउंटरवरचा अॅडव्हायझर घाईत असतो, तुम्हा मंडळींना भाडं गाठायचं असतं, सही होऊन जाते. सगळ्यांचं तसंच होतं. पण उद्या ग्राहक आयोगापुढं कंपनीचा वकील हेच कागद ठेवील आणि म्हणेल, बघा, किरकोळ तक्रार होती, ती आम्ही दूर केली, गिऱ्हाईक समाधानानं गेलं. दवाखान्यात केसपेपरवर डॉक्टरनं ‘छातीत दुखतं’च्या जागी ‘अशक्तपणा’ लिहून ठेवावा, तसं हे झालंय.

म्हणून आता पुढच्या खेपेपासून तक्रार तू सांगायची आणि तुझ्याच शब्दांत लिहून घ्यायची, मराठीत. ‘माल भरलेला असताना चढावर पिकअप अचानक जातो, इंजिनाचा दिवा लागतो, बंद करून पुन्हा चालू केल्यावर दिवा जातो, काही वेळानं पुन्हा तेच.’ त्यांनी तसं लिहायला नकार दिला तर तीच ओळ तिथं उभ्या उभ्या त्यांच्या आणि कंपनीच्या ईमेलवर चेसिस नंबर घालून पाठव. माल भरून चढावर ट्रायल घ्या, ही मागणीही लेखी कर. स्कॅनरच्या रिपोर्टची प्रत माग. टेंपो परत घेताना दोष तसाच असेल तर समाधानाच्या रकान्यात ‘दोष कायम आहे, हरकत नोंदवून गाडी ताब्यात घेतली’ असं लिहून मगच सही कर, आणि सही करून झाल्यावर कागदाचा फोटो काढ. यावरून कोणी आवाज चढवला तरी तू चढवू नकोस.

दिवा लागेल तेव्हा शेजारी बसलेल्याला व्हिडिओ काढायला सांग; त्यात दिवा, किलोमीटरचा आकडा आणि रस्ता दिसला पाहिजे. चालवताना तू स्वतः मोबाइल धरायचा नाही. त्या दिवसाची वजनकाट्याची पावती जपून ठेव, कारण ‘क्षमतेपेक्षा जास्त माल भरला’ हा त्यांचा हमखास बचाव असतो. दुसरा टेंपो भाड्यानं करून माल पोचवलास तर त्याची पावती घे, आणि तारीख, ठिकाण, किलोमीटर, वजन एवढं एका वहीत लिहीत जा.

आणि हो, बाहेरच्या फिटरला बॉनेट उघडू देऊ नकोस. दादा म्हणत होता की बसस्टँडजवळचा त्याचा ओळखीचा माणूस चुटकीसरशी दुरुस्त करील. करीलही. पण ‘गाडीत बाहेरच्यानं हात घातला’ म्हटलं की वॉरंटी तिथंच संपवायला त्यांना कारण मिळतं. ठरलेली सर्व्हिसिंग ठरल्या किलोमीटरला तिथंच करून घे.

हे सगळं तुलाच का करायचं, हे आता सांगते. आपल्या कायद्यात गाडीत मुळातला, म्हणजे कारखान्यातूनच आलेला दोष आहे हे दाखवायचं ओझं बहुतेक वेळा ग्राहकावर पडतं. कायद्यानं एक वाट ठेवलीय: तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग ती वस्तू योग्य त्या प्रयोगशाळेकडं पाठवू शकतो. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ही सोय होती आणि २० जुलै २०२०पासून लागू झालेल्या २०१९च्या कायद्यातही आहे. पण ती मागावी लागते. कित्येक तक्रारी एवढ्याच कारणानं फेटाळल्या जातात की तक्रारदारानं तज्ज्ञाचा अहवालच आणला नाही. तेव्हा तक्रारीसोबतच तपासणीचा अर्ज द्यायचा. त्याआधी शासकीय तंत्रनिकेतनातला किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातला यंत्रविभागाचा कोणी शिक्षक चढावर बसवून नेता आला आणि त्यानं दोन पानं लिहून दिली तर सोन्याहून पिवळं. ज्याच्याकडं कारखाना आहे, इंजिनिअर आहेत, प्रत्येक सुट्या भागाची नोंद आहे, त्यानं गप्प बसायचं आणि टोमॅटो वाहणाऱ्यानं इंजिनाचं शास्त्र सिद्ध करायचं, हे मला कधीच पटलेलं नाही. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यानं १९८२मध्ये नव्या सदोष गाड्यांसाठी वेगळा कायदा केला आणि मग बाकीची राज्यंही त्या वाटेनं गेली. एकाच दोषासाठी ठरावीक वेळा दुरुस्ती फसली की गाडी सदोष असल्याचं तिथं गृहीत धरलं जातं. आपल्याकडं तसा कायदा नाही. तो व्हायला हवा असं मी जमेल तिथं बोलत आलेय आणि बोलत राहीन. पण तुझा टेंपो आज घाटात रखडतोय, त्यामुळं आज जो कायदा हातात आहे त्यानंच लढायचं.

तुझ्या बाबतीत पहिली हरकत वेगळीच येईल: हा टेंपो धंद्याचा, पिवळ्या पाटीचा, मग तू ग्राहक कसा? त्याला उत्तर आहे. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू ‘व्यापारी कारणासाठी’ घेतली असं कायदा मानत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९९५च्या एका निकालात हे फोडून सांगितलंय. ट्रक घेऊन जो स्वतः चालवतो तो ग्राहक. गाडी घेऊन जो ती सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती चालवायला देतो तो नव्हे. म्हणून तक्रारीत सुरुवातीलाच स्पष्ट लिहायचं की घर याच टेंपोवर चालतं आणि तो तू स्वतः चालवतोस. शेजारचा पोरगा कधीमधी चालवतो तेही लपवू नकोस. आजारपणात कोणी मदतीला बसलं म्हणून तुझा स्वयंरोजगार बुडत नाही. पण पगारी ड्रायव्हर ठेवून दुसरा टेंपो घ्यायचा तुझा बेत आहे ना, तो हे प्रकरण मिटेपर्यंत बाजूला ठेव.

आता मागायचं काय? तू म्हणालास, नवा टेंपो नाहीतर काही नको. संतोष, इथं मी तुझ्याशी सहमत नाही. वॉरंटीचं पुस्तक उघडून बघ. त्यात सदोष भाग दुरुस्त करून देऊ किंवा बदलून देऊ एवढंच वचन असतं. २००६मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं याच शब्दांवर बोट ठेवलं आणि अख्खी गाडी बदलून देण्याचा खालचा आदेश टिकू दिला नाही. पण २०१०चं दुसरं प्रकरणही आहे. त्यात इंजिन बदलून दिलं होतं, तरी ग्राहकाची तक्रार मिटत नव्हती. न्यायालयानं तटस्थ तज्ज्ञाकडून तपासणी करायला सांगितलं आणि मुळातला दोष निघाला तर पैसे व्याजासह परत, असं ठरवून दिलं. या दोन्हींवरून मी असं शिकले की मागणी पायऱ्यापायऱ्यांनी मांडावी. आधी दोष कायमचा काढून द्या, त्यासाठी लागेल तो भाग, वेळ पडली तर इंजिन, बदला, आणि बदललेल्या भागावर नव्यानं वॉरंटी द्या. ते जमत नसेल तर टेंपो बदलून द्या किंवा किंमत व्याजासह परत करा. टेंपो उभा राहिल्यानं बुडालेली कमाई आणि झालेला मनस्ताप यांची भरपाई वेगळी मागायची, आणि कमाईचा आकडा मात्र वहीतून आणि पावत्यांतून निघाला पाहिजे. फुगवलेला आकडा आला की खऱ्या आकड्यावरचाही विश्वास उडतो.

तक्रार डीलर आणि कंपनी दोघांविरुद्ध करायची. गोव्यातल्या एका ग्राहकाला २०११चं मॉडेल म्हणून २००९ची, ६२२ किलोमीटर पळालेली गाडी विकली गेली होती. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीला त्यातून मोकळं केलं, कारण डीलरनं केलेल्या फसवणुकीची माहिती कंपनीला होती असं दिसत नव्हतं. डीलरची जबाबदारी निराळी, कंपनीची निराळी. एकालाच धरलंस तर तो दुसऱ्याकडं बोट दाखवून सुटतो.

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत. आधी दोघांना स्पीड पोस्टानं नोटीस. पंधरा दिवसांची मुदत द्यायची. त्याच काळात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदव. त्यांना आदेश देता येत नाही, पण कंपनीच्या वरच्या माणसापर्यंत तुझं म्हणणं पोचतं आणि कधी कधी तेवढ्यानं काम होतं. नाहीच झालं तर नगरला जिल्हा आयोग. पन्नास लाखांपर्यंतची खरेदी जिल्ह्याच्याच कक्षेत येते, आणि तू राहतोस तिथं तक्रार करता येते. शोरूम नाशिकला आहे म्हणून नाशिकला खेटे घालायला नकोत. तुझ्या किमतीच्या टेंपोला, म्हणजे पाच ते दहा लाखांच्या व्यवहाराला, शुल्क दोनशे रुपये. ऑनलाइनही दाखल करता येते. वकील सक्तीचा नाही. मसुदा मी करून देईन.

वेळेचं खरं ते सांगते. समोरच्यानं तीस दिवसांत आणि फार तर आणखी पंधरा दिवसांत जबाब द्यायचा. त्यापुढं एक दिवसही वाढवून मिळणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं मार्च २०२०मध्ये ठरवलंय. प्रयोगशाळेची तपासणी असेल तर पाच महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. तेवढ्यात लागेलच असं मी तुला सांगणार नाही, कारण आयोगांतल्या रिकाम्या जागा आणि तारखा मी पाहिल्यात. उलट तुझी स्वतःची मुदत कडक आहे: कारण घडल्यापासून दोन वर्षं. ‘बघतो, करतो’ म्हणत ते तुला झुलवतील आणि तेवढ्यानं ती मुदत लांबत नाही.

म्हणूनच मधल्या वाटेत आयोगानं मध्यस्थीचं विचारलं तर लगेच नाही म्हणू नकोस. तुला हवाय चढ चढणारा टेंपो, तोही पुढच्या हंगामाआधी. फक्त ‘पूर्ण व अंतिम समझोता’ असं लिहिलेल्या कुठल्याही कागदावर, फुकटची वाढीव वॉरंटी देतो म्हणाले तरी, मला दाखवल्याशिवाय सही नको. आणि हप्ता थांबवायचा नाही. फायनान्सवाल्याचा या भांडणाशी संबंध नाही, आणि टेंपो त्यानं ओढून नेला तर तपासायला काहीच उरणार नाही.

या आठवड्यात एवढं कर: खरेदीचं बिल, आरसी, विमा, वॉरंटीचं पुस्तक, सगळी जॉबकार्डं आणि बँकेचा हप्त्यांचा उतारा यांच्या दोन दोन झेरॉक्स काढ. डीलरकडं तुझ्या चेसिस नंबरची पूर्ण सर्व्हिस हिस्टरी ईमेलनं माग. त्यांच्या नोंदीतल्या तक्रारी तुझ्या कार्डांशी ताडून बघायच्या आहेत. पुढच्या शनिवारी मी संगमनेरला येते. त्या दिवशी माल असेल तर घेऊन ठेव. मीच शेजारी बसते आणि व्हिडिओ काढते.

दादा-वहिनींना नमस्कार सांग, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
कुसुमआत्या