वाचता येतं, पण कळत नाही

या ग्रुपवर बहुतेक जण वाड्यांच्या, गणपतीच्या आठवणी लिहितात. माझी आजची आठवण तशी ताजीच आहे.

बी.कॉम. करून बँकेत लागलो, शेवटची बदली सिल्वासाला झाली आणि इथेच राहिलो. आता आठवड्यातून दोनदा गलोंड्याला जातो. आठवी ते दहावीची मराठी माध्यमाची पाच-सहा मुलं इंग्रजी वाचायला बसतात.

या मुलांच्या घरी वारली नाहीतर कोकणा बोली. शाळेत मराठी, बाजारात गुजराती आणि हिंदी. म्हणजे इंग्रजीचा नंबर लागतो पाचवा! त्यात आपल्या देवनागरीत जसं लिहिलं तसं वाचायचं. इंग्रजीत तसं नाही. कॅट, केक, कार, बॉल, चारही शब्दांत तेच 'ए' अक्षर, पण उच्चार चार. बट आणि पुटचं कोडं आपणही सोडवलेलं आहे. अक्षरं २६ आणि आवाज ४४च्या आसपास, पोरांनी करायचं काय?

मग मुलं उपाय काढतात. प्रत्येक इंग्रजी शब्दावर पेन्सिलीने मराठीत उच्चार लिहून ठेवतात. नववीतल्या एका मुलीचं अख्खं पुस्तक असं भरलेलं होतं. धडा घडाघडा वाचला. विचारलं, "काय झालं गं यात?" ती गप्प. डोळे वाचत होते ती मराठी अक्षरं, अर्थापर्यंत ती पोचलीच नव्हती.

तेव्हापासून आम्ही क्रम बदलला. आधी मी धड्यातली गोष्ट मराठीत सांगतो, मुलं ती आपल्या बोलीत एकमेकांना सांगतात. मग कोरं पान समोर. पुढे काय येणार हे ठाऊक असलं की अनोळखी शब्दही अंदाजाने लागतो. वेळ लागतो हो, एका धड्याला दोन आठवडेसुद्धा. पण वाचलेलं डोक्यात राहतं.

एवढा आटापिटा कशाला, असं काही जण विचारतात. बँकेत कर्जाच्या इंग्रजी कागदांवर सही करताना माणसं एवढंच विचारायची, "साहेब, कुठं करू?" काय लिहिलंय, हे विचारणारा विरळाच. त्यांतले कितीतरी दहावी पास होते, इंग्रजी विषय घेऊन.

गेल्या महिन्यात त्याच मुलीच्या वडिलांना मसाटच्या एका कारखान्यात सहीसाठी इंग्रजी कागद मिळाला. तो ते घरी घेऊन आले. तिने बोट ठेवून सावकाश वाचला, तीनदा अडली. मग म्हणाली, "बाबा, ओव्हरटाइमच्या दराची जागा कोरी आहे. भरून घ्या, मग सही करा."

वडिलांनी आकडा भरून घेतला. मला हे तिनेच सांगितलं, तेही धडा वाचून झाल्यावर, सहज.

तुमच्या घरी नातवंडं इंग्रजी वाचत असतील, तर उच्चार सुधारण्याआधी एकदा विचारून बघा, "काय झालं रे यात?"