नावाआधीचे अक्षर : पूर्णा जंक्शन ते पायथन

१/ महाराष्ट्रात पूर्णा नावाच्या दोन मोठ्या नद्या आहेत. परभणी जिल्ह्यातील पूर्णा गावाजवळून वाहणारी गोदावरीला मिळते. विदर्भातून येणारी चांगदेवजवळ तापीला. नुसते ‘पूर्णा’ म्हटल्याने परक्याला बोध होत नाही. ‘गोदावरीची’ किंवा ‘तापीची’ असे आधी जोडावे लागते. तो शब्द नदी कुणाला जाऊन मिळते, हे सांगतो.

२/ हाच प्रश्न पूर्णा जंक्शनच्या रुळांवरही होता. निजामाच्या राज्यात घातलेला मनमाड–सिकंदराबाद मार्ग मीटरगेजचा, म्हणजे १००० मिलिमीटर रुंदीचा. मनमाडहून मुंबईकडे जाणारा मार्ग १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज. एकाचे इंजिन दुसऱ्यावर चालणे अशक्य. मनमाडला माल एका वाघिणीतून दुसरीत भरावा लागे.

३/ त्यामुळे इंजिनाच्या वर्गनावात पहिले अक्षर गेजचे असे. १९२० च्या दशकातील प्रमाणित वाफेच्या इंजिनांत एक्स म्हणजे ब्रॉडगेज, वाय मीटरगेज, झेड नॅरोगेज. पुढे ब्रॉडगेजच्या नव्या पिढीला डब्ल्यू मिळाले. डब्ल्यूपी १९४७ मध्ये आले. मीटरगेजवर वायपी आणि वायजी धावली. पी प्रवासी गाड्यांसाठी, जी मालगाड्यांसाठी. इंजिन कोणत्या कामाचे, हे दुसऱ्या अक्षरात. ते या रुळावर चढेल का, हे पहिल्यात.

४/ संगणकाच्या जगातही असे गेजांतर घडले. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ ही आवृत्ती आली. पायथन २ साठी लिहिलेले बरेचसे काम तिच्यावर जसेच्या तसे चालत नसे. स्वयंसेवकांनी उभारलेल्या डेबियन या मुक्तस्रोत प्रणालीत पूरक पॅकेजांची नावे ‘पायथन-’ने सुरू होत. नव्या आवृत्तीच्या पॅकेजांना ‘पायथन३-’ हा वेगळा उपसर्ग मिळाला.

५/ पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ती आवृत्तीच उरली नाही. आता ‘३’ गाळून जुना, सुटसुटीत उपसर्ग नव्या पॅकेजांना देता आला असता. तसे झाले नाही. तसे झाले असते, तर जुन्या सूचना वाचून पॅकेज मागवणाऱ्याच्या हाती त्याच नावाची भलतीच वस्तू पडली असती.

६/ १९९२ मध्ये भारतीय रेल्वेने एकच गेज ठेवण्याचे धोरण स्वीकारले. यथावकाश पूर्णेहून मनमाड, सिकंदराबाद आणि अकोला या तिन्ही दिशांचे मीटरगेज उखडले गेले. आज तेथे येणाऱ्या इंजिनांवर डब्ल्यू असतेच. मोकळे झालेले वाय मात्र कुणी ब्रॉडगेजला दिलेले नाही.

७/ पूरक पॅकेजाला नाव देणाऱ्याने म्हणूनच प्रथम ते कशावर चालते, हे सांगावे; गुणवर्णन मागाहून. आणि एकदा दिलेला उपसर्ग, त्याचे रूळ उखडले गेले तरी, दुसऱ्या अर्थाने वापरू नये. जुने नाव वाचून येणारा कुणीतरी वाटेत असतोच.