बहिर्जीचा एक शब्द

पडद्यावर पाच रांगा, प्रत्येक रांगेत पाच चौकोन आणि प्रत्येक चौकोनात एक शब्द. या २५ शब्दांमागे दोन टोळ्यांचे हेर लपलेले असतात, काही निरपराध माणसं असतात आणि एक मारेकरी असतो. आपले हेर दुसऱ्या टोळीच्या आधी हुडकून काढायचे आणि मारेकऱ्याला हात लावायचा नाही, हे ‘कोडनेम्स’ या खेळाचं सार. आमच्या नाशिकच्या घरात हा खेळ गेली काही वर्षं चालतो. चांगला मुरला आहे. तो कसा खेळायचा हे सांगतो, आणि तो आपल्या भाषेत, आपल्या गावाच्या शब्दांत का खेळावा, हेही सांगतो.

हा खेळ मुळात पत्त्यांचा. चेक प्रजासत्ताकातल्या व्लादा ख्वातिल यांनी तो रचला. २०१५ साली तो बाजारात आला आणि २०१६ साली जर्मनीत वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा मान त्याला मिळाला. संगणकावर आणि फोनवर खेळायची फुकट आवृत्ती २०२० मध्ये आली, तेव्हा टाळेबंदीमुळे सगळेच घरात अडकले होते. भाऊ पुण्यात, आत्या ठाण्यात, मामा-मामी नाशिकरोडला आणि भाची बंगळुरूत. एकाच शहरात असूनही मामांकडे जाता येत नव्हतं. भाचीनं एक दुवा पाठवला, तो उघडून प्रत्येकानं आपापलं नाव घातलं आणि खेळ सुरू झाला.

आता नियम. खेळायला निदान चौघं हवेत. दोन टोळ्या करायच्या, लाल आणि निळी. प्रत्येक टोळीत एक हेरप्रमुख, बाकीचे भिडू. आमच्याकडे हेरप्रमुखाला बहिर्जी म्हणतात. शिवरायांच्या हेरखात्याचे प्रमुख बहिर्जी नाईक मराठी घराला ठाऊक असतातच, त्यामुळे हे नाव पहिल्याच दिवशी चिकटलं. दोन्ही बहिर्जींना पडद्यावर कोणत्या शब्दामागे कोण आहे ते रंगांवरून दिसतं. भिडूंना फक्त शब्द दिसतात. ज्या टोळीची पहिली पाळी तिचे ९ हेर, दुसरीचे ८. निरपराध ७ आणि काळ्या रंगाचा मारेकरी एक. बेरीज २५.

पाळी आली की बहिर्जीनं एक शब्द आणि एक आकडा द्यायचा. शब्द म्हणजे खूण, आकडा म्हणजे त्या खुणेत बसणारे आपले शब्द किती. समजा ‘फळ, ३’ असं लिहिलं, तर फळाशी नातं असलेले आपले तीन शब्द पटावर आहेत. भिडू आपसात बोलतात आणि एकेक शब्द उघडतात. आपला हेर निघाला तर पुढचा शब्द उघडता येतो. निरपराध निघाला तर पाळी संपते. समोरच्यांचा हेर निघाला तरी पाळी संपते आणि त्यांचं काम आयतं होतं. मारेकरी निघाला तर डाव तिथंच हरला. पाळीत निदान एक शब्द उघडावाच लागतो आणि जास्तीत जास्त आकड्याहून एक अधिक. हा अधिकचा एक फार मोलाचा असतो. मागच्या खुणेतला राहून गेलेला शब्द त्यात उरकता येतो.

बहिर्जीवर बंधनं कडक आहेत. खूण एकाच शब्दाची हवी. पटावर दिसतो आहे तो शब्द किंवा त्याचं रूप खूण म्हणून चालत नाही. खुणेचं नातं अर्थाशी हवं. ‘यात तीन अक्षरं आहेत’ किंवा ‘हा क नं सुरू होतो’ असल्या वाटा बंद. खूण दिल्यावर बहिर्जीनं गप्प बसायचं. हं नाही, उसासा नाही, भुवई उचलणं नाही. भिडू चुकीच्या शब्दाकडे निघालेत हे दिसत असतानाही चेहरा दगडासारखा ठेवायचा, हे सगळ्यात अवघड. आम्ही व्हिडिओवर खेळतो तेव्हा बहिर्जी कॅमेरा बंद करतो. एका खोलीत असलो तर पाठ करून बसतो.

पडद्यावरची रीत सोपी आहे. शब्दावर एकदा टिचकी मारली की तिथं आपलं नाव उमटतं आणि आपलं मत सगळ्या भिडूंना कळतं. एवढ्यानं शब्द उघडत नाही. उघडायला कोपऱ्यातलं चिन्ह वेगळं दाबावं लागतं. नव्या माणसाला हे आधी दाखवून द्यावं, म्हणजे चर्चा संपायच्या आत बोट पडत नाही. वेळेचं बंधन घालायची सोय आहे, पण घरात वडीलधारी माणसं खेळत असतील तर ती वापरू नये. विचार करायला वेळ मिळाला तरच या खेळाची गोडी कळते.

सुरुवातीला आम्ही इंग्रजी शब्दांनी खेळत होतो. मामी आणि आत्या बघत बसायच्या. इंग्रजी त्यांना वाचता येतं, पण एका शब्दाचे चार अर्थ त्या भाषेत पटकन आठवत नाहीत, आणि हा खेळ नेमका त्या चार अर्थांवर चालतो. मग कळलं की या खेळात आपले शब्द घालायची सोय आहे. मामी वही घेऊन बसल्या. पान, माळ, कळ, वार, हार, पट, तीर, अंक, पात्र असे बहुअर्थी शब्द त्यांनी भराभर लिहिले. आत्यानं फोनवरून नाशिकचे शब्द सांगितले: द्राक्ष, कांदा, तोफ, नोट, पैठणी, घाट, लेणी, मिसळ, चिवडा, कुंभ, रहाड. डावाला २५ शब्द लागतात, पण यादी दोनशेच्या वर असली तरच प्रत्येक वेळी पट नवा दिसतो. नुसती नामं घ्यावीत, रोजच्या वापरातली, आणि निम्म्या शब्दांना तरी दोन अर्थ असावेत. यादी मराठी झाली त्या दिवसापासून मामी नुसत्या बघत बसल्या नाहीत.

एक डाव सांगतो. मामा बहिर्जी होते. त्यांच्या उमेदीची वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात गेली. तिथं इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून आहे, करन्सी नोट प्रेस १९२८ पासून. एका ठिकाणी टपाल तिकिटं छापली जातात, दुसरीकडे नोटा. नाशिकरोडला या साऱ्याला नुसतं ‘प्रेस’ म्हणतात. मामांनी खूण दिली, ‘प्रेस, २’. त्यांच्या लाल टोळीत भाची आणि मामी. पटावर ‘बातमी’ होतं, ‘इस्त्री’ होतं, ‘नोट’ होतं, ‘तिकीट’ होतं. बंगळुरूत वाढलेल्या भाचीनं लगेच ‘इस्त्री’वर आणि ‘बातमी’वर टिचकी मारली. दोन्ही बरोबर वाटावेत असेच होते. मामी म्हणाल्या, “थांब गं. खूण कुणी दिली ते बघ आधी. तुझ्या मामांचं प्रेस एकच.” त्यांनी ‘नोट’ उघडलं, मग ‘तिकीट’. दोन्ही लाल. डाव संपल्यावर रंग बघितले तर ‘इस्त्री’मागे मारेकरी होता.

या खेळातलं मर्म मला त्या डावात कळलं. खुणेचा अर्थ नुसता शब्दकोशात बघून चालत नाही. खूण देणारा कोण, त्याचं आयुष्य कुठं गेलं, तो कोणत्या शब्दानं काय आठवतो, हे बघावं लागतं. शब्दसंपत्ती अफाट असलेला माणूस इथं हरू शकतो आणि माणसं ओळखणारा जिंकतो.

हेच बहिर्जीलाही लागू आहे, उलट्या बाजूनं. पुढं एका डावात आत्या बहिर्जी होती आणि तिचे चार शब्द होते: अंक, प्रवेश, पात्र, पडदा. चारही नाटकातले. नाशिकमध्ये वाढलेल्या आत्याच्या मनात पहिल्यांदा आलं ‘कालिदास’, कारण आमच्याकडे नाटकाला जायचं म्हणजे शालिमारजवळच्या महाकवी कालिदास कलामंदिरात जायचं. पण तिच्या टोळीत भाची होती, आणि पटावर निळ्यांचा ‘ढग’ होता. कालिदास म्हटल्यावर भाचीला मेघदूत आठवलं असतं आणि तिचं बोट ढगावर गेलं असतं. आत्यानं बराच वेळ घेतला आणि साधी खूण दिली, ‘नाटक, ४’. चारही शब्द एका पाळीत उघडले. हे सगळं तिनं डाव संपल्यावर सांगितलं. देखणी खूण टाकून देऊन ऐकणाऱ्याला पोचेल अशी खूण निवडणं, यात बहिर्जीची खरी कसोटी.

खेळता खेळता काही गोष्टी पक्क्या झाल्या. बहिर्जीनं सगळ्यात आधी काळा शब्द बघावा आणि प्रत्येक खूण त्याच्यापासून लांब आहे ना ते तपासावं. मग समोरच्यांचे शब्द. आपले शब्द शेवटी जुळवावेत. सुरुवातीला दोन-तीनच्या खुणा द्याव्यात. एकेकाची खूण देत राहिलं तर पाळ्या पुरत नाहीत. आपण मागे पडलो असू तर मोठा आकडा देण्याचं धाडस करावं, पुढे असू तर जपून चालावं. शून्यही देता येतो. ‘पाणी, ०’ म्हणजे पाण्याशी नातं असलेला एकही शब्द आपला नाही, तिकडे फिरकू नका. अशा वेळी भिडूंना हवे तितके शब्द उघडता येतात.

भिडूंनी समोरच्या बहिर्जीची खूणही कान देऊन ऐकावी. त्यांनी ‘शेत, ३’ म्हटलं आणि त्यांचे दोनच उघडले, तर शेताशी जुळणारा तिसरा शब्द त्यांचा आहे हे धरून चालावं. आपल्या खुणेतले उरलेले शब्दही लक्षात ठेवावेत. आमच्याकडे भाऊ ते कागदावर टिपतो.

मराठीत खेळताना घरचे काही नियम आधीच ठरवून घ्यावे लागतात. विभक्ती लागली तरी शब्द तोच, म्हणून ‘पाणी’ पटावर असेल तर ‘पाण्यात’ चालत नाही. ‘पाणीपुरी’ही नाही. सामासिक शब्द आम्ही एकच धरतो, त्यामुळे ‘राजवाडा’ चालतो. गावांची आणि माणसांची नावं चालतात. ‘नाशिकरोड’ एक शब्द की दोन, यावर आमच्याकडे बरीच वादावादी झाली आणि निकाल नाशिकरोडच्या मामींनीच दिला: एक. नियम कोणताही चालेल, फक्त तो डाव सुरू होण्याआधी ठरावा.

आता आमची माणसं पुन्हा भेटू लागली आहेत, तरी हा खेळ सुटलेला नाही. यादीत नवे शब्द पडत असतात आणि मुलं विचारतात, रहाड म्हणजे काय? मग मामी रंगपंचमीला जुन्या नाशकात उघडल्या जाणाऱ्या रंगाच्या हौदांबद्दल सांगतात. मुलांच्या जिभेवर तो शब्द बसतो आणि पुढच्या डावात तीच त्याची खूण देतात.

येत्या दिवाळीत घर भरेल तेव्हा तुम्हीही हा खेळ मांडा. यादी मात्र आयती घेऊ नका. घरातल्या सगळ्यात वडील माणसाच्या हाती वही द्या आणि आपल्या गावाचे शब्द लिहायला सांगा. पहिल्या डावाचं बहिर्जीपदही त्यांनाच द्या.