धुके काचेच्या आत होते

रत्नागिरीकरांना कोल्हापूर परके नाही. अंतर साधारण १३० किलोमीटर. दवाखाना असो, लग्नाची खरेदी असो की मुलांचा कॉलेजप्रवेश, आपली पावले त्या वाटेला लागतातच. हातखंबा, पाली, नाणीज, दाभोळे, साखरपा आणि मग आंबा घाट. घाट चढला की कोकण मागे राहते आणि मलकापूर, बांबवडे करत आपण कोल्हापुरात पोहोचतो. उन्हाळ्यात या रस्त्याने मुले गाण्याच्या भेंड्या खेळत जातात. पावसाळ्यात मात्र घाटाच्या पायथ्याशी मोठी माणसेही गप्प होतात.

गेल्या ऑगस्टमध्ये मी या रस्त्याने निघाले ती अम्मीच्या डोळ्यांसाठी. काही महिन्यांपासून तिला अंधुक दिसत होते. यांची नोकरी दोह्याला असल्याने घरची गाडी मीच चालवते. चाळिशी ओलांडल्यावर शिकले, पण रत्नागिरीत शाळा, बाजार, भाट्ये, पावस एवढे आता सहज जमते. घाट मात्र पहिल्यांदाच. भावजय म्हणाली, "आपा, ड्रायव्हर करा ना." मी ऐकले नाही. आपली गाडी आहे, आपल्याला येते, मग दुसऱ्याला पैसे कशाला, असा विचार केला. त्यात थोडी फुशारकीही होती, हे आज कबूल करते.

फजरची नमाज पढून निघालो. पुढे मी आणि धाकटी बहीण, मागे अम्मी आणि माझी आठवीतली मुलगी. सफरची दुआ सगळ्यांनी मिळून पढली. पाऊस असा की दारातून गाडीपर्यंत जाईतो बुरखे भिजले. छत्र्या तशाच ओल्या पायाशी ठेवल्या. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे ओल्या कपड्यांचे आपल्याला काही वाटत नाही.

पालीच्या अलीकडे एका ट्रकच्या मागे अडकलो. धुराचा वास आत येऊ लागला, म्हणून मी बाहेरची हवा बंद करणारा खटका सरकवला. मग तो तसाच राहिला. अम्मीचे गुडघे गारठतात म्हणून एसी बंद. पेट्रोलही वाचते. पाऊस आत येतो म्हणून चारही काचा बंद. यातली प्रत्येक गोष्ट त्या वेळी शहाणपणाचीच वाटत होती.

साखरप्यापर्यंत काही झाले नाही. घाट लागला आणि चार-पाच वळणांनंतर समोरचे दिसेनासे झाले. मला वाटले, ढग खाली आले. आंबा घाटात ढग रस्त्यावर उतरतात हे ऐकून होते. वायपर पूर्ण वेगाने लावला. तो फटाफट फिरत होता, पण काच पांढरी ती पांढरीच. बहिणीने ओढणीने आतून काच पुसली, तेवढ्यापुरते दिसले आणि क्षणात पुन्हा पांढरे झाले. पुसल्याने फराटे मात्र उमटले. तेवढ्यात समोरून दोन पिवळे दिवे आले आणि त्या फराट्यांत चार झाले. एसटी होती. तिने जोरात हॉर्न दिला. मी गाडी डावीकडे घेतली. डावीकडे डोंगर आहे की दरी, हेही मला दिसत नव्हते. ब्रेक दाबून उभी राहिले. एसटी हाताच्या अंतरावरून गेली. अम्मीच्या तोंडून कलमा ऐकू आला. डावीकडे डोंगर होता.

खिडकी खाली करून, मान बाहेर काढून, गोगलगायीसारखी पुढे गेले. एका रुंद वळणावर चहा-भुट्ट्याची टपरी होती. तिथे थांबले तेव्हा पायांत कापरे भरले होते. खाली उतरून पाहते तो काय, बाहेर धुके होते, पण विरळ. पन्नास पावलांवरची झाडे स्पष्ट दिसत होती. मग गाडीतून काहीच का दिसत नव्हते?

टपरीवर मिरकरवाड्याहून मासळी घेऊन कोल्हापूरला निघालेला एक टेम्पो उभा होता. मासेमारीची बंदी ३१ जुलैला उठते, त्यानंतर हे टेम्पो पुन्हा घाट चढू लागतात. ड्रायव्हर पंचविशीतला मुलगा. आमची हालत बघून जवळ आला. सलाम करून म्हणाला, "आपा, आधी काचेला आतून बोट लावून बघा."

लावले. बोटाचा माग उमटला आणि थेंब ओघळला.

"पाणी आत आहे. वायपर बाहेर फिरतोय. तो काय करणार?"

मग त्याने खिडकीतून हात घालून गाडीच्या मधली बटणे दाखवली. सगळ्यात आधी बाहेरच्या हवेचा खटका उघडला, जो मी पालीला बंद केला होता. हवेची दिशा पुढच्या काचेकडे वळवली. त्या खुणेत पंख्यासारखी काच आणि वर जाणारे तीन नागमोडी बाण असतात. पंखा मोठा केला. एसी चालू केला. आणि शेवटी निळ्या-लाल पट्टीचे गोल बटण लाल बाजूला फिरवले.

मी म्हटले, "अरे, एसी लावायचा आणि हीटरही?"

"दोन्ही. एसी हवेतलं पाणी काढतो, हीटर हवा गरम करतो. काचेला कोरडी गरम हवा पाहिजे."

ते लाल टोक मी त्या दिवसापर्यंत एकदाही वापरले नव्हते. कोकणात कोण हीटर लावणार? मला वाटायचे, ते सिमला-काश्मीरच्या लोकांसाठी दिलेले असावे. दोन-तीन मिनिटांत काच खालून वर निवळत गेली. आणि अम्मी मागून म्हणाली, "आता गुडघ्यांना बरं वाटतंय गं." ज्या एसीच्या भीतीने तो बंद ठेवला होता, तो चालू असूनही गाडीत ऊब होती.

शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवते, विज्ञान माझा विषय नाही. पण घरी आल्यावर मुलीचे पुस्तक उघडून सगळे समजून घेतले. गरम हवेत वाफ जास्त मावते, थंड हवेत कमी. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांच्या हवेत १७ ग्रॅमच. आमच्या गाडीत चार माणसांचे श्वास, ओले बुरखे, ओल्या छत्र्या, आणि बाहेर जायला वाट नाही. आंबा घाट चढताना आपण सुमारे दोन हजार फूट वर जातो, तसा बाहेरचा गारठा तीन-चार अंशांनी वाढतो, त्यात काचेवर पाऊस. थंड काचेला आतली दमट हवा लागली की वाफेचे पाणी होते. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला घाम फुटतो, तसेच. म्हणजे तो ढग आंबा घाटाचा नव्हताच. तो आम्हीच घरून बरोबर आणला होता.

एसीचे कामही तेव्हा कळले. त्याच्या आतल्या थंड नळ्यांवर हवेतली वाफ पाणी होऊन बसते आणि गाडीखाली ठिबकते. म्हणून एसी म्हणजे फक्त गारवा नव्हे, तो हवा कोरडी करणारा आहे. हीटरला इंजिनाचीच उष्णता मिळते. ती एरवी वायाच जाते, त्यासाठी वेगळे पेट्रोल लागत नाही. फक्त इंजिन तापेपर्यंत थोडे थांबावे लागते. एसीला थोडे पेट्रोल जास्त लागते, हे खरे. पण त्या थोड्या पेट्रोलच्या बचतीपायी मी चार जीव एसटीसमोर नेले होते.

कोल्हापुरात डॉक्टरांनी अम्मीचे डोळे तपासले. मोतीबिंदू होता. ते म्हणाले, डोळ्याच्या आतले भिंग गढूळ होते, म्हणून धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते. मी अम्मीकडे पाहिले. गेले कित्येक महिने ती पदराने चष्मा पुसत होती. पुसायची, घालायची, पुन्हा काढून पुसायची. मी वैतागून म्हणायचे, "अम्मी, किती वेळा पुसशील? काच घासून जाईल." तिचे धुके आतले होते आणि ती बाहेरून पुसत होती. सकाळी घाटात मी वायपर लावून हेच करत होते. पण माझी पाच मिनिटांत घाबरगुंडी उडाली. ती मात्र महिनोन्‌महिने त्याच धुक्यात स्वयंपाक करत होती, जिना उतरत होती, आणि बोलणी माझी खात होती. त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तुला तरी कुठं ठाऊक होतं."

परतताना घाट उतरून साखरप्याजवळ आलो आणि काच पुन्हा पांढरी झाली. या वेळी घाबरले नाही. आतून बोट लावले, तर कोरडे. म्हणजे पाणी बाहेर. वरच्या गारव्याने आणि आतल्या एसीने काच थंड झाली होती आणि खालची कोकणातली दमट हवा तिला बाहेरून लागत होती. वायपर एकदा फिरवला, काच साफ. एसीचा गारवा कमी केला, हवेची दिशा काचेवरून काढून पायाकडे वळवली. रात्री यांना फोनवर सांगितले तर हसले. म्हणाले, दोह्यात उन्हाळ्याच्या रात्री रोज असेच होते, आत एसी आणि बाहेर समुद्राची वाफ, तिथे वायपर पावसासाठी नाही, घामासाठी लागतो.

आता पावसाळ्यात निघण्याआधी मी काही गोष्टी पाळते. छत्र्या आणि ओले कपडे डिकीत जातात. पुढची काच आतून स्वच्छ, कोरड्या कपड्याने पुसून ठेवते, कारण तेलकट काचेवर धुके लवकर धरते. धुरासाठी हवेचा खटका बंद केला, तर ट्रक मागे पडताच उघडते. मागच्या काचेतल्या बारीक तारांचे बटण काच निवळली की बंद करते आणि त्या तारांवर काही घासत नाही. आणि काही दिसेनासे झाले, तर चालता चालता पुसत बसत नाही. सुरक्षित जागा बघून थांबते.

सफरची दुआ आम्ही त्या सकाळी मनापासून पढलो होतो आणि अल्लाहने वाचवले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण उंट बांधून मग तवक्कुल करण्याची हदीस मी वर्गात कितीदा मुलांना समजावली आहे. माझा उंट त्या दिवशी मोकळाच होता. गाडीत बसून दुआ पढणे जितके आपले काम, तितकेच समोरची चार बटणे समजून घेणेही. विशेषतः माझ्या बहिणींना सांगते, गाडी शिकताना क्लच आणि गिअरवर थांबू नका. शिकवणाऱ्याला विचारा, हे लाल टोक कशासाठी आहे? विचारायला लाज कसली? मला ते मासळीच्या टेम्पोवाल्या पोराने शिकवले. त्याचे नाव विचारायचेही राहून गेले. अल्लाह त्याच्या रोजीत बरकत देवो.

अम्मीच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे. दुसऱ्याचे दिवाळीच्या सुट्टीत करायचे आहे. परवा तिने चष्मा न लावता माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "किती केस पिकले गं तुझे." अल्हम्दुलिल्लाह, तिच्या काचेवरचे धुके निवळू लागले आहे.